थंडीपासून पळालेल्यांचा हिमोत्सव

ऑस्ट्रेलियातील ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढले जाणारे चाकांवरचे घर) घेऊन भटकणारे ज्येष्ठ, हिवाळ्यात दक्षिणेकडील थंडी चुकवण्यासाठी उत्तरेची वाट धरतात. तथापि अंटार्क्टिकाकडून निघालेली थंड हवाही अधूनमधून त्याच दिशेने सरकते, आणि न्यू साउथ वेल्समधील, सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या, बटाटे व मेंढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गायरा या गावी ऑगस्ट २०२५मध्ये घडले त्याप्रमाणे भरघोस हिमवर्षाव होतो. अशा वेळी हीटर पुरत नाही म्हणून रात्रभर कुरकुरलेले प्रवासी सकाळी गॅस सिलिंडरच्या झाकणावर बर्फाचा बाहुला उभा करतात, पाण्याची नळी गोठल्याचे कौतुकाने दाखवतात आणि रस्ता बंद झाल्याची वार्ता शुभवर्तमानासारखी सांगतात. यावरून असा सिद्धांत मांडता येतो की, घरच्या अंगणात जी थंडी सांधेदुखीचे कारण ठरते, तीच शेकडो किलोमीटर इंधन जाळून गाठली असता निसर्गसौंदर्य ठरते. हा फरक मोजण्याचे एकक हवामानशास्त्राकडे नसले, तरी पेट्रोल पंपाच्या पावतीवर तो लिटरमध्ये नोंदलेला असतो.