दहाशे चोवीस बाय सातशे अडुसष्टच्या साहेबांना

रा. रा. फॉर्म आखणारे साहेब यांस,

स. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही, पण आपल्या कृपेने माझे बरे चालले आहे, म्हणून आभाराचे हे पत्र. तालुक्याच्या गावी माझे संगणक विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. आपण केलेले सॉफ्टवेअर आसपासच्या पतसंस्थेत, खताच्या दुकानांत, एकदोन दवाखान्यांत चालते. तिथून कोणी ना कोणी अधूनमधून मॉनिटर काखेत मारून माझ्याकडे येतो. "भाऊ, खालचा भाग दिसत नाही, स्क्रीन गेली वाटतं." मी लावून बघतो तर स्क्रीन ठणठणीत. गेलेले असते ते आपले 'सेव्ह' बटण, आणि तेही कुठे लांब नाही. टास्कबारच्या मागे बसलेले असते. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याच्या मते सॉफ्टवेअर कंपनीतल्या शिकलेल्या लोकांनी केलेले, तेव्हा ते बरोबरच असणार. चूक मॉनिटरची. मग तो मोठा मॉनिटर घेऊन जातो. या व्यवहारात आपण कधी कमिशन मागितले नाही, हा आपला मोठेपणा.

आपल्या निश्चयाचेही मला कौतुक आहे. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणले तेव्हा ६४० बाय ४८० ठिपके म्हणजे चैन होती. पुढे ८०० बाय ६०० झाले, १०२४ बाय ७६८ झाले. मग लॅपटॉपवाल्यांनी १३६६ बाय ७६८ काढले, त्यावर १९२० बाय १०८०, आणि आता ३८४० बाय २१६० ची पेटी घेऊनही गिऱ्हाईक येते. चौकोनी स्क्रीन गेल्या, लांबट आल्या. दवाखान्यातल्या एकाने तर ती उभी करून बसवली आहे. या सगळ्या धावपळीत आपला फॉर्म जागचा तसूभर हलला नाही. १०२४ बाय ७६८ वर सॉफ्टवेअर उत्तम दिसेल, असे आपण लॉगिनच्या खिडकीत छापूनच ठेवले आहे. दिलेला शब्द पाळणारी माणसे हल्ली कुठे राहिली आहेत?

आता पतसंस्थेच्या एका संचालकांचे ऐका. त्यांनी जुना १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप मुलीला दिला आणि स्वतःला पंधरा इंची, १९२० बाय १०८० चा घेतला. ठिपके जवळजवळ दुप्पट झाले, तेव्हा आता सगळे मावेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात पूर्वी दिसत होते तेवढेही दिसेना. ते माझ्यावर रागावले, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. एवढ्याशा जागेत इतके बारीक ठिपके कोंबले की अक्षरे मुंगीएवढी होतात, म्हणून विंडोज अशा लॅपटॉपवर सगळे १२५ किंवा १५० टक्क्यांनी मोठे करून दाखवते. दीडशे टक्के धरले की १०८० चे हिशेबापुरते उरतात ७२०. त्यातून टास्कबार वजा करा. आणि आपला फॉर्म बेतलेला ७६८ च्या मापाने! पैसे जास्त मोजून जागा कमी मिळते, हा चमत्कार घडवायला आपल्यासारखा कलावंतच लागतो.

वर अक्षरे पुसट दिसतात ती वेगळीच. आपल्याला हे मोठे करणे समजते, असे आपल्या प्रोग्रॅमने विंडोजला कळवलेले नसते. मग विंडोज त्याची समजूत घालते. व्हिस्टा आली त्या २००७ सालापासून ही तिची पद्धत आहे. स्क्रीन अजून इंचाला ९६ ठिपक्यांचीच आहे, अशी थाप ती प्रोग्रॅमला मारते, त्याला त्याच्या समजुतीप्रमाणे चित्र काढू देते आणि तयार चित्र ताणून लोकांपुढे ठेवते. गिऱ्हाईक आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते, चष्म्याचा नंबर बदलून आणते, आणि मग माझ्याकडे येते.

काउंटरवरच्या मॅडमनी मात्र आपल्याशी जुळवून घेतले आहे. टॅब दाबत जायचे, कर्सर कुठल्याच चौकटीत दिसेनासा झाला की समजायचे, आपण आता 'सेव्ह'वर आहोत, मग एंटर. एक टॅब जास्त पडला तर 'रद्द करा'वर एंटर बसतो आणि ठेवीदाराचा अख्खा अर्ज पुन्हा भरायचा. नवीन मुलगी कामावर लागली की तिला आधी हे शिकवतात, व्याजाचे दर नंतर. दुसऱ्या एका शाखेत ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाणाने खिडकी वर ढकलायची असा मंत्र आहे. खिडकीचे वरचे टोक स्क्रीनबाहेर जाते, खालचे आत येते. सभासदाचे नाव बघायचे असेल तर परत खाली आणायची. खतवाल्या शेठजींनी टास्कबारच लपवून टाकला आहे, त्यामुळे त्यांना दुकानात किती वाजले ते कळत नाही.

मोठ्या मॉनिटरवर काय होते, तेही कळवतो. आपला फॉर्म वरच्या डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि उरलेल्या जागेत राखाडी रंग पसरतो. खिडकी पूर्ण स्क्रीनभर करण्याचे बटण आपण ठेवले आहे. ते दाबले की राखाडी रंग वाढतो. मधल्या यादीत पूर्वी अकरा खाती दिसत, आताही अकराच. नावाचा कॉलम 'रामचं…' इथे तुटतो आणि शेजारी वीतभर जागा मोकळी पडलेली असते. गावात रामचंद्र बरेच आहेत, साहेब.

दोन मॉनिटरवाल्यांविषयी थोडक्यात. खिडकी शेवटी कुठे होती ते आपला प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. दुसरा मॉनिटर काढून नेला तरी पुढच्या वेळी तो तिथेच उघडतो, कोणालाही न दिसता. माणूस समजतो प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

आपण उपाय केलाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मधल्या एका आवृत्तीत खिडकी जितकी मोठी होईल तितक्या पटीने आतल्या प्रत्येक वस्तूची मापे गुणण्याची युक्ती आपण घातली होती. १०२४ चे १९२० झाले, म्हणजे रुंदी पावणेदोन पटीहून जास्त. ७६८ चे १०८० झाले, म्हणजे उंची जेमतेम १.४ पट. पतसंस्थेचे गोल बोधचिन्ह लंबगोल झाले आणि 'सेव्ह' बटण आडवे पसरले. अक्षरे होती तेवढीच राहिली, कारण फॉन्टला गुणायचे राहून गेले. यादीत खाती? अकरा. माणूस मोठी स्क्रीन घेतो ती एका नजरेत जास्त खाती दिसावीत म्हणून. तीच अकरा खाती जाडजूड करून बघण्याची हौस कोणाला नसते.

माझ्या दुकानदारी बुद्धीला वाटते ते असे, की आपण मोजणी केलीत आणि वाटणी करायची राहिली. फॉर्मवरच्या प्रत्येक वस्तूचा डावीकडून किती, वरून किती, लांबी किती, उंची किती हा हिशेब आपल्याकडे चोख आहे. पण जागा वाढली तर ती कोणाच्या हिश्शाला जाईल आणि आटली तर आधी कोणी सोडायची, हे कुठेच लिहिलेले नाही. वडिलांनी हयातीत वाटणीपत्र केले नाही की भाऊ बांधावर उभे राहून भांडतात. आपल्या फॉर्मवर भांडणसुद्धा होत नाही, कारण वाढलेल्या रानात कोणी पाऊलच टाकत नाही.

वाटणी अवघड नाही, मी इथे काउंटरसमोर उभा राहून करून देतो. खाते क्रमांकाच्या चौकटीला जास्तीचा एक ठिपका नको, कारण स्क्रीन रुंद झाली म्हणून क्रमांकाचे आकडे वाढत नाहीत. नावाच्या कॉलमला थोडे द्या. उभी जागा जेवढी वाढेल तेवढी सगळी यादीला द्या, तिची भूक मोठी आहे. बटणे उजवीकडे खालच्या कोपऱ्याला बांधा, म्हणजे खिडकीचा कोपरा जाईल तिथे तीही जातील. जागा आटली तर पहिल्यांदा 'शेरा' आखडा. फॉर्मवरची सगळ्यात मोठी चौकट तीच आहे आणि तिच्यात कोणी काही लिहिल्याचे मला दिसलेले नाही. मग सभासदाचा फोटो लहान करा. त्याहून आटली तर मधल्या भागाला सरकपट्टी लावा. 'सेव्ह'ला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. ऑफिस २००७ मध्ये वरची रिबनपट्टी आली, तीत हेच आहे: खिडकी अरुंद करत जा, आधी मोठी चिन्हे लहान होतात, मग नावे जाऊन नुसती चिन्हे उरतात, मग अख्खा गट एका बटणात घडी घालून बसतो. कोणी आधी आकसायचे, हे कोणीतरी बसून ठरवलेले आहे.

हत्यारे नाहीत, असे आपण म्हणणार नाही ही खात्री आहे. व्हिज्युअल बेसिक ६ चा, म्हणजे १९९८ चा काळ असता तर मी गप्प बसलो असतो. तिथे मापे ट्विपमध्ये, इंचाचा १४४० वा भाग, आणि खिडकी ताणली की प्रत्येक वस्तू कुठे न्यायची ते हाताने लिहावे लागे. पण आपला प्रोग्रॅम डॉट-नेटच्या विंडोज फॉर्म्सवर आहे, आणि तिथे २००२ पासून 'अँकर' आणि 'डॉक' नावाचे दोन गुणधर्म हजर आहेत. अँकर म्हणजे ही वस्तू खिडकीच्या कोणत्या कडांना बांधायची. काहीच निवडले नाही तर वरची आणि डावी कड धरली जाते. आपला फॉर्म कोपऱ्यात अंग चोरून का बसतो, त्याचे गुपित एवढेच: तिथे कोणी हातच लावलेला नाही. यादीला चारही कडा बांधल्या असत्या तर पतसंस्थेने घेतलेल्या मॉनिटरचे पैसे सत्कारणी लागले असते.

हां, शेजारी-शेजारी दोन चौकटी ठेवून दोघींनाही डावी-उजवी कड बांधू नका. वाढलेली सगळी जागा दोघीही आपलीच समजतात आणि डावी चौकट उजवीवर चढते. त्यासाठी २००५ मध्ये टेबल-लेआउट-पॅनेल आले, त्यात ओळींना आणि कॉलमना टक्क्यांत हिस्से देता येतात. पुढच्याच वर्षी आलेल्या डब्ल्यूपीएफमध्ये तर हिस्सा म्हणून तारा लिहायचा. एका कॉलमला एक तारा, दुसऱ्याला दोन तारे, की जागेचे एकास दोन भाग झाले. जावावाल्यांकडे हे १९९६ पासून आहे. चार दिशांच्या पट्ट्यांना हवे तेवढे देऊन उरेल ते मधल्याला, इतका साधा नियम. (त्यांच्या ग्रिडबॅग-लेआउटने भल्याभल्यांना घाम फोडला, हेही खरे.) ॲपलने २०११ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. 'हे बटण त्या चौकटीपासून इतके दूर', 'या दोघांची रुंदी सारखी' अशी नुसती नाती सांगायची. ती सगळी समीकरणे कॅसोवरी नावाची गणिती पद्धत एकदम सोडवते. कोणते नाते मोडायचेच नाही आणि कोणते अडचणीत मोडले तरी चालेल, हेही तिला सांगता येते.

एक तक्रार मात्र उपरोध बाजूला ठेवून करतो. मागे आपण सॉफ्टवेअर मराठीत आणले, त्याबद्दल खरोखर धन्यवाद. पण फॉर्मवरच्या पट्ट्यांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची होती, ती तशीच ठेवलीत. आपल्या लिपीला ओळीच्या वरही घर लागते आणि खालीही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फॉन्ट तर ओळीला ऐसपैस उंची मागतो. आपल्या पट्टीत तो वरून-खालून कातरला जातो, आणि कुलकर्णींचे कलकर्णी व शिंद्यांचे शिदे होऊन पासबुकाशी ताडून बघायला येतात. पट्टीने आतल्या मजकुराप्रमाणे आपली उंची आपणच ठरवावी, अशी सोय आहे. ती चालू करून तिच्या खालच्या ओळींना सरकायला मोकळीक तेवढी द्यावी लागते. विंडोजच्या जुन्या संवादखिडक्यांत हे भान होते. त्यांची मापे ठिपक्यांत लिहीतच नसत. अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग आणि उंचीचा आठवा भाग हे त्यांचे एकक होते. फॉन्ट मोठा झाला की खिडकीही त्याच्या बरोबरीने मोठी. त्या वेळी स्क्रीन गरीब होत्या, तरी माप अक्षराचे धरले जाई.

तेव्हा विनंती अशी. पुढची आवृत्ती बाहेर काढण्याआधी ती आपल्या टेबलावरच्या २७ इंची मॉनिटरवर बघून थांबू नये. १३६६ बाय ७६८ चा एखादा जुना लॅपटॉप घ्यावा, मोठे करण्याची टक्केवारी १२५ ठेवावी, भाषा मराठी करावी आणि एक ठेवीचा अर्ज माऊसनेच भरून दाखवावा. टॅबची मदत घ्यायची नाही. असा लॅपटॉप आपल्या कार्यालयात नसेल तर माझ्याकडे कपाटात आहेत, भाड्याने देईन. आपल्यासाठी भाडेही माफ.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
मॉनिटर विकणारा एक दुकानदार

ता. क. : आपल्या सॉफ्टवेअरमधील 'मदत' ही खिडकी पतसंस्थेत सकाळपासून उघडी आहे. तिचे 'बंद करा' बटण खाली राहिले आहे आणि वरची फुली आपण काढून टाकली आहे. ऑल्ट-एफ-फोर दाबू का, असे मॅडम विचारतात. मागच्या खेपेला दाबले तेव्हा सगळा प्रोग्रॅमच बंद झाला होता. कृपया फोनवर कळवावे. साडेपाचला शाखा बंद होते.