कोंडाण्यावर घोरपड

तानाजी मालुसऱ्यांची घोरपड कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यांवर चढली होती, ही माहिती परवा एका सहलीमुळे मिळाली. सामाजिक शास्त्राच्या सरांनी गळ्यातली शिट्टी सावरली, धबधब्याच्या कड्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "मुलांनो, हाच तो कोंडाणा!" पोरांनी माना वर केल्या. एकाने विचारलं, "सर, मग सिंहगड?" सर म्हणाले, "तोच हा. मागून आवाज नको."

कोंडाणा म्हणजे सिंहगड, आणि तो पुण्याजवळ आहे, ही अडचण फार मोठी नाही. भूगोलही हेच सर शिकवतात. त्यामुळे घाटावरचा किल्ला बोरघाटाखाली उतरवायला भूगोलाकडून हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. नागरिकशास्त्रही त्यांच्याकडेच आहे, म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्कही तिथल्या तिथे निकालात निघाला. उरला काळ. लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची, सिंहगडाची लढाई 1670 ची. म्हणजे घोरपडीला सतराशे वर्षांहून अधिक थांबावं लागलं असतं. पण घोरपड चिवट प्राणी आहे, असं विज्ञानात शिकवतात.

एकदा घोरपड चढली म्हटल्यावर बाकीचं आपोआप जागेवर बसलं. विहारातल्या भिक्खूंच्या खोल्या म्हणजे मावळ्यांची पहाऱ्याची ठाणी. चैत्यगृह म्हणजे किल्लेदार उदेभानाचा दरबार. स्तूप म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, आणि त्याला दार नाही ते शत्रूने गोळे पळवू नयेत म्हणून! कातळातले खांब, कमानी, गवाक्षं हुबेहूब लाकडी बांधणीसारखी कोरली आहेत. दगडात लाकडाचा भास कुणी आणि का केला असेल, हे एखाद्या पोराच्या डोक्यात आलंही असेल. पण तोवर घोरपडीच्या दोराची लांबी किती होती यावर वर्गात दोन तट पडले होते.

खरी बहार पुढे आली. चैत्याच्या दर्शनी भागात, एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ, दगडावर अक्षरं दिसली. सरांची शिट्टी वाजली. "हे कुणी लिहिलं? नाव सांगा. नाहीतर सगळी बस इथेच उभी राहील!"

सर, नाव तिथेच लिहिलंय हो! ब्राह्मी लिपीत आहे. कान्हाचा शिष्य बालक, त्याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शिष्याने आपल्या नावाआधी गुरूचं नाव कोरलं. अख्ख्या तालुक्यात शिक्षकाला याहून जुनं प्रशस्तिपत्र सापडायचं नाही. त्याच्यासमोर उभं राहून आपण गुन्हेगार शोधत होतो. शेजारी बदाम काढून दोघांची नावं खरडलेली होती, त्यांना मात्र कुणी काही बोललं नाही. ती वाचता येत होती ना.

आणि शिवकाळच दाखवायचा होता, तर त्यासाठी सिंहगड ओढून आणायची गरज काय होती? शेजारच्या खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज त्या अरुंद वाटेत कोंडली आणि शरण यायला लावली. लढाई खरी, खिंड खरी, डोंगर जागच्या जागी. माथेरानचे भाई कोतवाल याच मातीतले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीला बळी पडले. कर्जतच्या पोराला हे कर्जतच्या शाळेत कळू नये? पाठ्यपुस्तकात ओळ नसेल तर शिकवायचं नाही, आणि पुस्तकात नसलेली घोरपड मात्र छातीठोकपणे चढवायची, हा कुठला न्याय?

सरांवर किती चिडायचं, हाही प्रश्नच आहे. ते मुळात गणिताचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्राचा शिक्षक वेगळा सांगितला आहे, पण वेळापत्रक कायदा वाचून होत नाही. आधी गणित, विज्ञान, इंग्रजीचे तास वाटले जातात. मग ज्याच्या आठवड्यात भोकं राहतात त्याला इतिहास चिकटवतात. त्यात काय, गोष्टीच तर सांगायच्या! गणिताला पदवी लागते, विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, इतिहासाला फक्त घसा लागतो. त्यातून उरलेला वेळ मतदारयाद्या, जनगणना आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, म्हणजे देशाच्या लोकसंख्येची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस वर्गात येतो तेव्हा त्याच्या हातात गाईड असतं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस आणि भूगोलाचे चाळीस गुण गाईडवर निघतात, हे पालकांनाही ठाऊक आहे. म्हणून गणिताला शिक्षक नाही म्हटलं की गाव शाळेला टाळं ठोकतं. इतिहासाला शिक्षक नाही म्हणून टाळं ठोकलेलं कुणी पाहिलंय?

पुढच्या वर्षी मात्र बदल होणार आहे, असं मुख्याध्यापकांनी पालकसभेत सांगितलं. या सरांकडे पुन्हा गणित जाईल. इतिहास खेळाच्या सरांकडे, त्यांचे तीन तास कमी भरतात.