सहावा चालतो, सातवा नाही

ब्रिटनमध्ये सपाट मैदानावरच्या शर्यतीत जॉकीने घोड्याला सहा फटके मारले, तर ते नियमात बसतं. सातवा पडला की चौकशी. अडथळ्यांच्या शर्यतीत सात चालतात. हा हिशेब २०२३ पासूनचा. त्याआधी तो सात आणि आठ होता. एवढी वर्षं वाद घालून घोड्याच्या पाठीवरचा एक फटका कमी झाला! मर्यादेपेक्षा चार फटके जास्त पडले तर घोडा बाद. एखादाच जास्त पडला, तर जॉकीला काही दिवस घरी बसवतात आणि बक्षीस मालकाकडेच राहतं.

माझा प्रश्न साधा आहे. दुखत नसेल तर मोजता कशाला?

‘आताचा चाबूक गादीचा असतो, घोड्याची कातडी जाड असते, त्याला फक्त आवाज कळतो,’ असं रेसवाले सांगतात. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिली. वेदना टिपणाऱ्या वरच्या थरातल्या मज्जातंतूंच्या टोकांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. आणि हे समजायला सूक्ष्मदर्शक तरी कशाला हवा? अंगावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो. ज्याला माशी कळते, त्याला चाबूक कळत नाही?

फटके पडतात कधी, तेही पाहा. शेवटच्या चारशे मीटरमध्ये. घोडा थकलेला असतो, वेग आपोआप उतरत असतो, नेमका तेव्हा हात वर जातो. त्याने वेग वाढतो असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्याच २०११ च्या एका अभ्यासात फटक्यांचा आणि वेगाचा संबंध सापडला नव्हता. मग तो हात कोणासाठी उठतो? माझ्या मते, स्टँडमध्ये तिकीट मुठीत धरून ओरडणाऱ्या पंटरसाठी. जॉकीने जीव तोडून प्रयत्न केला, हे त्याला दिसायला हवं ना!

१९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, म्हणून ती जुगाराच्या कायद्यातून सुटली. मग कौशल्य दाखवा. लगाम, मांड, टाच आणि घोड्याचा दम ओळखण्याची नजर. नॉर्वेचे जॉकी एवढ्यावर शर्यती जिंकतात. तिथे घोडा पळवण्यासाठी चाबूक मारायला १९८२ पासून बंदी आहे. स्वीडनने २०२२ मध्ये तेच केलं. बिथरलेला घोडा आवरायला चाबूक लागतो, हा मुद्दा मला मान्य आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीने २०२१ मध्ये तेवढ्यापुरतीच मुभा ठेवली आणि बाकी सगळी मारहाण थांबवली.

आणि आपण? आपल्याकडे बैलगाडा शर्यतींसाठी नियम आहेत. गाडीवानाने काठी-चाबूक जवळ बाळगायचा नाही. बैलाचा छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या अटींवरच बंद पडलेल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यामागचा कायदा कायम केला. शर्यतीच्या प्रत्येक घाटात नियम पाळला जातो असं मी म्हणणार नाही. शेपट्या पिरगळताना मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नियम आहे, आणि तो मोडणारा इकडेतिकडे बघत मोडतो.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या हिरवळीवर मात्र चाबूक उघड चालतो. खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याने काठी खाली ठेवायची आणि मुंबईच्या जॉकीने चाबूक उगारायचा, हा कुठला न्याय? फेब्रुवारीत इंडियन डर्बी असते, २४०० मीटरची. पुढच्या डर्बीपासून शेवटच्या वळणानंतर जॉकीचे दोन्ही हात लगामावर राहू द्या. पहिला येणारा घोडा तेव्हाही पहिलाच येईल.