फॉरेक्सकाका

विमानतळावर दर पाच मिनिटांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवणारे गृहस्थ दिसले, की समजावं, हे फॉरेक्सकाका. त्यांना अपचन झालेलं नसतं. शर्टाच्या आत कमरेला पैशांचा पट्टा असतो, तो जागेवर आहे ना, एवढंच ते चाचपत असतात.

पट्ट्यात मात्र सगळी रक्कम नसते. थोडी डाव्या मोज्यात, थोडी काकूंच्या पर्समध्ये आणि दोन नोटा थालीपिठाच्या भाजणीत, प्लास्टिकच्या पिशवीत. "चोरानं शोधावं तरी कुठं!" हा काकांचा सिद्धान्त. बँकॉकला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी भाजणी चाळत बसलेले असतात ते स्वतः काकाच.

सुट्या पैशांवर त्यांचा फार जीव. डोंबिवलीच्या रिक्षांनी लावलेली सवय ती. म्हणून डॉलरही त्यांनी दहा-विसाच्या नोटांत आणलेले. बँकॉकच्या मनीचेंजरकडे शंभराच्या नोटेला एक भाव आणि लहान नोटांना त्याहून कमी भाव, हे फलकावर वाचल्यावर काका त्या काउंटरवरच्या मुलीला मराठीत जाब विचारतात. ती हात जोडून हसते. काकांना वाटतं, पटलं.

मग कार्ड. एटीएम ते परत ओकतं. "इथली मशीनच भिकार," काका जाहीर करतात. मशीन बिचारं निर्दोष असतं. ऑक्टोबर 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड मिळतं ते फक्त देशातल्या वापरापुरतं. परदेशातला वापर ग्राहकानं स्वतः सुरू करायचा. काका ॲप उघडतात. ॲप ओटीपी पाठवतं. ओटीपी ज्या सिमवर येणार, ते सिम हरवू नये म्हणून डोंबिवलीला देवघराच्या खणात ठेवलेलं!

काकूंनी निघण्याआधीच आपल्या कार्डाचं परदेशातल्या वापराचं बटण सुरू करून ठेवलेलं असतं. त्या न बोलता कार्ड पुढे करतात.

आता काकांचा हिशेबीपणा रंगात येतो. "एकदम जास्त काढू नये, खिसा कापला तर?" म्हणून ते हजार-हजार बाथ काढतात. थायलंडमधल्या बहुतेक बँका परदेशी कार्डावर दर खेपेला 220 बाथ किंवा त्याहून जास्त शुल्क घेतात, मग तुम्ही हजार काढा नाहीतर दहा हजार. दिवसात तीन खेपा म्हणजे 660 बाथ गेले. खिसा कापायला माणूस लागलाच नाही.

खरी मेख मात्र शेवटच्या पडद्यावर. मशीन अदबीनं विचारतं, रक्कम रुपयांत वळती करू का? परमुलखात रुपयाचं चिन्ह पाहून काकांचा ऊर भरून येतो. "अगं, बघ! आपला रुपया!" म्हणत ते होकाराचं बटण दाबतात. रुपया आपला खरा, पण दर त्या मशीनवाल्यांचा, आणि तो बहुधा शेकड्याला काही रुपयांनी महागच. नकार दिला असता तर व्यवहार बाथमध्ये झाला असता. मग व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर आणि त्यावर आपल्या बँकेचा आकार, एवढंच लागलं असतं. तरीही ते बहुधा स्वस्तातच पडलं असतं.

तेव्हा बँकॉकच्या एखाद्या एटीएमपुढे पोटावर हात ठेवून, डोळे पाणावून उभे असलेले गृहस्थ दिसले, तर जरा थांबा. बटण दाबण्याआधी त्यांच्या कानात हळूच सांगा, "काका, बाथमध्येच घ्या." ऐकतील असं नाही. काकूंना सांगितलंत तर जास्त बरं.