गजगतीचे गणित

रणगाड्याला तोफ असते, चिलखत असते, प्रसंगी शत्रूही असतो. परंतु ज्याच्या चालीत भारदस्तपणा नाही त्याला रणगाडा म्हणण्याची माझी मुळीच तयारी नाही. पुण्याच्या भाच्याने माझ्या एकसष्टीनिमित्त पाठविलेला, मूळ आकाराच्या एक-सोळांश मापाचा 'टी-७२' रिमोटचा खटका दाबताच आमच्या खळ्यातील सुपारीच्या सालींवरून ज्या रीतीने टणाटण उडत गेला, ती रीत पाहून मला झालेली यातना, ज्याने आयुष्यभर केवळ चालीच्या बळावर नोकरी केली आहे, त्यालाच कळावी.

मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. माझ्या कामाविषयी वरिष्ठांच्या शेऱ्यांत मतभेद आढळतील, चालीविषयी आढळणार नाहीत. फायलींचा गठ्ठा बगलेत घेऊन, मान तसूभरही न हलविता, एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे मी ज्या मंद आणि निश्चयी गतीने जात असे ती पाहून परगावचे पक्षकार मलाच मामलेदार समजून उठून उभे राहत, आणि त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई मी कधीही केली नाही. पुढे दफ्तर गेले, शिपाई गेला, सलाम गेले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो माझ्या चालीत राहिला. या चालीने मालवणच्या मासळीबाजारात पोहोचेपर्यंत सुरमई संपलेली असते, ही सौभाग्यवतींची तक्रार दप्तरी दाखल आहे.

योगायोग असा, की खरा टी-७२ देखील पिळावरच चालतो. त्याला दोन्ही अंगांना सहा-सहा चाके. प्रत्येक चाकाचा दांडा गाड्याच्या तळाशी आडव्या निजविलेल्या पोलादी कांबेला जोडलेला. चाक खडकावर चढले की कांब पीळ खाते, खळग्यात उतरले की पीळ सुटतो, आणि वरचे ४१ टनांचे धूड, चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात तयार होऊन 'अजेय' हे नाव मिरविणारे, आपल्या पायांखाली काही घडत आहे याची जणू दखलच न घेता पुढे सरकते. याहून उत्तम कारकुनी वृत्ती मी पाहिलेली नाही. इंग्रजांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर जे पहिले रणगाडे उतरविले त्यांना स्प्रिंग नावाची वस्तूच नव्हती. आत कोंबलेल्या आठ जणांची हाडे शत्रूच्या आधी स्वतःच्याच वाहनाने खिळखिळी केली असतील, यात मला संशय नाही.

माझ्या गाड्यात कांबा नव्हत्या. प्रत्येक दांड्यामागे बॉलपेनात असते तेवढी एकेक स्प्रिंग होती, आणि तिच्याखाली वायसर घालून ताण वाढवावा वा काढून घटवावा, अशी तजवीज होती. पेचकस घेऊन मी पडवीत ठाण मांडले. ताण सैल केला, तो निघताना गाड्याचे नाक आकाशाकडे जाई आणि थांबताना तो साष्टांग दंडवत घाली. असली लवचीकता खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना शोभते. ताण आवळला, तो टोकाच्या चाकांवरच सारा भार येऊन मधली चार चाके रजेवर गेल्यासारखी अधांतरी राहत. शेवटी टोकाच्या स्प्रिंगा ताठ आणि मधल्या मृदू, असा मी निवाडा दिला. त्यात तथ्यही होते, कारण खऱ्या रणगाड्यांतही हिसका शोषून घेणारी यंत्रे मुख्यत्वे टोकांच्या चाकांनाच जोडतात. मग पट्टा ढिला पडून वळणावर उतरू लागला. तो आवळल्यावर चाके वर उचलली गेली, आणि प्रकरण पुनश्च मूळ टेबलावर आले.

भाच्याने फोनवरून जे गणित ऐकविले ते माझ्या मानी स्वभावाला मानवण्याजोगे नव्हते. "मामा," तो म्हणाला, "लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळापट कमी झाली म्हणजे वजन ४,०९६ पट कमी होतं. त्या हिशोबानं तुमचा रणगाडा दहा किलोंचा हवा. तो प्लास्टिकचा, जेमतेम चार किलोंचा. आणि दहाचा केलात तरी तो खऱ्यापेक्षा चौपट घाईनंच डुलणार." सर्व काही सोळापट लहान करणाऱ्या त्या खेळणेवाल्याने पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण लहान करण्याची सोय ठेवलेली नव्हती. भारदस्तपणा हा गुण नसून निव्वळ तोल-मापाचा विषय आहे, आणि चित्रपटवाले छोट्या प्रतिकृतींचे चित्रण वेगाने करून पडद्यावर संथ दाखवितात ते याच कारणाने, हे ऐकून मी फोन ठेवला आणि माझे स्वतःचे वजन करून पाहण्याची इच्छा कशीबशी दाबली.

निकाल दिला तो शेजारच्या रापणकाराने. गडग्यावर हात टेकून तो हा तमाशा बराच वेळ पाहत होता. "काकानू, ह्येका वजन होया," तो म्हणाला. "रिकामी येष्टी अशीच उडता."

आता येष्टीचा विषय निघालाच आहे तर मला आवरणे कठीण. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून निघाली ती अहमदनगरला, म्हणजे आज जिथे चिलखती दलाचे रणगाडा-संग्रहालय आहे त्याच गावी, हा मला केवळ अपघात वाटत नाही. एस.टी.ची कमान, म्हणजे एकावर एक रचलेले ते पोलादी पाटे, हा माझ्या मते मानवी स्वभावाचा सर्वोत्तम ग्रंथ आहे. ते पाटे भरल्या गाडीचा भार पेलण्यासाठी बनविलेले असतात. म्हणून दुपारच्या निवांत फेरीला कसालहून मालवणला येणारा एकटा प्रवासी मागच्या बाकावर बसला, तर तो बसतो कमी आणि उडतो जास्त. त्याची पिशवी एका बाजूला, नारळ दुसऱ्या बाजूला आणि तो स्वतः या दोहोंच्या मध्ये पण थोडा वर, अशी त्रिस्थळी यात्रा चाललेली असते. तीच गाडी गणपतीच्या आदल्या दिवशी पाहावी. बसलेले जितके, तितकेच उभे. मखर, पेटी, माटवीचे सामान, मुंबईची मुले, त्यांना आंबलेली म्हातारी माणसे, सारे एकमेकांत घट्ट बसलेले. आणि पाटे भाराने वाकून असे काही सौम्य होतात की खड्ड्यांतूनही गाडी पालखीसारखी झुलत जाते. कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडतो तो लोभाने नव्हे, तो स्प्रिंगांचा ताण बरोबर करीत असतो. हे मी एका कंडक्टरला सांगितले असता त्याने मला अर्धे तिकीट देऊ केले नाही, एवढेच.

पण याच शास्त्राची एक बाजू मला हसून सांगता येत नाही. आईला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेले ती रुग्णवाहिका मुळात मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली होती. तिचे पाटे पोती वाहण्यासाठी घडविलेले. आईचे वजन अखेरीस उरलेच कितीसे होते? प्रत्येक खड्ड्यागणिक ती स्ट्रेचरवरून वर उचलली जाई, आणि मी दोन्ही हातांनी तिचे खांदे दाबून धरीत असे. रस्ता दुरुस्तीचे किती मसुदे मी स्वतः लिहिले होते, किती कागदांवर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून ते पुढे सरकविले होते! तोफेचा नेम चुकू नये म्हणून पोलादाच्या कांबांना पीळ देण्यापर्यंत माणसाची बुद्धी गेली, आणि हलक्या झालेल्या म्हातारीला हिसका बसू नये म्हणून कोणाचीही झोप उडालेली मला आढळली नाही. ती मात्र मलाच म्हणत होती, "तू धर कशाक तरी, पडशीत."

असो. रापणकाराने आपल्या जुन्या पागाच्या, म्हणजे फेकजाळ्याच्या, शिशाच्या गोळ्या आणून दिल्या. शिशाविषयी माझा पूर्वग्रह अनुकूल होता; समोर कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले तेव्हा पायाच्या दगडांत शिसेच ओतले होते, आणि त्या किल्ल्याच्या भारदस्तपणाविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. गोळ्या गाड्याच्या पोटात चिकटपट्टीने बसविल्या, स्प्रिंगांखाली वायसर वाढविले आणि खटका दाबला. काय सांगावे! सुपारीच्या सालीवर गाडा किंचित झुकला, क्षणभर विचार केल्यासारखा थबकला आणि पलीकडे उतरून, मान न हलविता, तुळशी वृंदावनाकडे निघाला. सौभाग्यवती दारात होत्या. "अहो, हा तर हुबेहूब तुम्हीच," त्या म्हणाल्या, आणि मी कृतज्ञतेने मान लववीत असताना पुढे म्हणाल्या, "निघाला तेव्हा चहा टाकला होता, तो उकळून आटला."

मोटर तापून वास सुटू लागला, ही बाब मी टिपणीत घेतलेली नाही.

पुढील आठवड्यात रापणकार गोळ्या परत मागू लागला. खाडीत मासळी आली होती आणि त्याला पाग भरायचा होता. मी कागद घेऊन, सदर शिसे सार्वजनिक नसले तरी प्रतिष्ठेच्या प्रयोजनार्थ वापरात असल्याने त्यास मुदतवाढ मिळावी, असा रीतसर अर्ज लिहून त्याच्या हाती दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला, घडी घालून कानावरच्या विडीशेजारी खोवला आणि पेचकसाकडे हात केला.

"काकानू, मासो अर्ज वाचान पागात येणा नाय. तुमी निम्मी ठेवा. मागल्या बाजूक घाला, म्हणजे निदान जाताना तरी बरो दिसतलो."