पावणेअकरा चौरस फूट

पुण्या-मुंबईत पस्तिशीच्या आत स्वतःच्या नावावर जागा करायची असेल तर दोनच मार्ग उरले आहेत. पहिला वडिलांनी आधीच करून ठेवलेला असावा लागतो. दुसरा म्हणजे वैज्ञानिक परिषदेत पोस्टर लावणं. ए-झीरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटर भरतो, म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. निव्वळ कार्पेट एरिया. ताबा सकाळी, जागा संध्याकाळी रिकामी करून द्यायची, भिंतीला खिळा ठोकायला मनाई, चिकटपट्टी ज्याची त्याने आणावी.

पण अर्ज केल्याशिवाय एवढीशी जागाही मिळत नाही, आणि अर्जाचा मुख्य ऐवज म्हणजे अडीचशे शब्दांचा सारांश. परिषद डिसेंबरात, सारांशाची मुदत ऑगस्टमध्ये. त्या सारांशात निष्कर्ष हवेत. ऑगस्टमध्ये संशोधक विद्यार्थ्याकडे निष्कर्ष नसतात. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे तीन कोटेशनं असतात, त्यांतलं सर्वांत स्वस्त कुठलं यावर खरेदी समितीची बैठक व्हायची असते आणि समितीचे एक सदस्य रजेवर असतात. तरीही मुदतीच्या रात्री पावणेबाराला सारांश जातो आणि त्याचं शेवटचं वाक्य देशभर एकच असतं : ‘प्राथमिक निष्कर्ष आश्वासक आहेत.’ याचा अर्थ उपकरण दुरुस्तीला गेलं आहे. ‘सविस्तर विश्लेषण सुरू आहे’ असं पुढे जोडलं असेल तर ते परत आलेलं नाही.

मग एक रकाना येतो : व्याख्यान की पोस्टर? सगळे व्याख्यानावर खूण करतात आणि सगळ्यांना पोस्टर मिळतं. यात अन्याय आहे असं कुणी समजू नये. व्याख्यानाला जो दर्जा लागतो तो वेगळाच. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात १०२वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा प्राचीन भारतीय विमानविद्येला थेट व्यासपीठ मिळालं होतं. ती विमानं कुणाला पोस्टरवर लावावीशी वाटली नाहीत. पोस्टरपुढे उभं राहून कुणीही आलेख दाखवा म्हणू शकतो, ही त्यातली खरी अडचण.

‘आपला सारांश स्वीकारण्यात आला आहे हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे’ असा ईमेल येतो. आनंदाचं कारण दुसऱ्या परिच्छेदात असतं : नोंदणी शुल्क, अधिक अठरा टक्के जीएसटी, अमुक तारखेनंतर दीडपट. निवड समिती कडक असते. पैसे भरले नाहीत की सारांश हमखास बाद होतो. जेआरएफ या संशोधनवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाली, आधी ती ३१ हजार होती. ही वाढ कागदावर आली तेव्हा पेढे वाटले गेले. खात्यात कधी आली हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारणाऱ्याला लेखा विभागातून ‘वरून आलं नाही’ एवढंच उत्तर मिळतं. हे ‘वर’ नेमकं कुठे आहे, हा खगोलशास्त्राचा विषय असावा.

प्रवासखर्च मिळतो, नाही असं नाही. स्वीकृतीपत्र, गाईडची शिफारस, विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र, मूळ तिकीट आणि हजेरीचं प्रमाणपत्र जोडलं की फाइल हलते, आणि फ्लेक्सवाल्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून परत येते.

अर्जदार तरुण मात्र हवा. विज्ञान काँग्रेसच्या युवा शास्त्रज्ञ पुरस्कारासाठी वयाची अट ३२ वर्षांची होती. पंतप्रधानांच्या नावाने कारकिर्दीच्या सुरुवातीला संशोधन अनुदान देणारी केंद्राची योजना आहे, तिथे ४२ पर्यंत चालतं. राजकारणात ४२चा माणूस युवा आघाडीत असतो, म्हणजे दोन्ही क्षेत्रांत काळाची गती सारखीच म्हणायची. फरक इतकाच की तिथल्या युवकाचा फोटो फ्लेक्सवर त्याच्या कामापेक्षा मोठा छापतात. इथे फोटो छापतच नाहीत, आणि काम आठ पॉइंटाच्या अक्षरात बसवतात.

कारण पोस्टर गाईडनी तपासलेलं असतं. माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या पीएचडी विद्यार्थ्याने २०१९ मध्ये व्हिडिओ काढून साधी सूचना केली : मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत मधोमध लिहा, बाकी तपशील कडेला ठेवा, म्हणजे चालता चालताही माणसाला कळेल. तो व्हिडिओ जगभर गाजला. आपल्याकडची एखादी मुलगी उत्साहाने तसं पोस्टर करून नेते. सर चष्मा वर करून म्हणतात, ‘मधे एवढी जागा मोकळी का सोडली?’ त्या जागेत मग विद्यापीठाचं बोधचिन्ह येतं, महाविद्यालयाचं येतं, नॅकची श्रेणी येते, निधी देणाऱ्या संस्थेचं येतं आणि निधी नाकारणाऱ्या संस्थेचंही येतं, पुढच्या वेळी उपयोग होईल म्हणून. निष्कर्ष खाली उजव्या कोपऱ्यात सरकतो, जिथे पोस्टर हमखास गुंडाळतं.

एवढं सगळं कशासाठी? यूजीसीच्या २०१६च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती, तेव्हा कारण तरी स्पष्ट होतं. त्या काळात गावोगावी परिषदा उगवल्या, आणि झूमवर एक परदेशस्थ नातेवाईक बोलला की परिषद आंतरराष्ट्रीय होऊ लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीने ती सक्ती काढली. अर्जांतला ‘परिषदा : संख्या’ हा रकाना कुणी काढला नाही.

प्रत्यक्ष दिवशी उद्घाटन लांबतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, मग ज्यांना शाल मिळाली त्यांचं मनोगत. दुपारी एक तासाचं पोस्टर सत्र आकसत आकसत चहाच्या वेळेत विलीन होतं. पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात झाला होता. दिवा लावायचा मान प्रमुख पाहुण्यांचा असतो, हे सवाल करणारांच्या लक्षात आलं नसावं. पोरं उभी असतात त्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट लावायलाही शिपायाला शोधावं लागतं.

परीक्षक येतात. ‘एका मिनिटात सांगा.’ मुलगी तिसऱ्या वाक्यावर असताना ते दुसऱ्या पोस्टरकडे बघत विचारतात, ‘फ्यूचर स्कोप काय?’ हा प्रश्न जीवाणूंना चालतो, कृष्णविवरांना चालतो, भाताच्या वाणालाही चालतो. तो विचारायला पोस्टर वाचावं लागत नाही.

त्याच वेळी आत वातानुकूलित सभागृहात तिचे सर तोच आलेख पडद्यावर दाखवत असतात. ‘हा प्रयोग कितीदा केला?’ असं कुणी विचारलं तर सर क्षणभर थांबतात आणि ‘अनेकदा’ म्हणतात. नेमका आकडा व्हरांड्यातल्या मुलीला ठाऊक असतो. कितीदा फसला तेही तिलाच ठाऊक असतं, आणि का फसला याचा अंदाजसुद्धा तिच्याकडे असतो, जो कुठल्याही शोधनिबंधात छापून येणार नाही. ज्याने काम केलं तोच समोर उभा आहे असं त्या अख्ख्या परिषदेत एकाच ठिकाणी घडतं, आणि आयोजकांनी तिथे समोशांचं टेबल मांडलेलं असतं.

परिषदांचा हंगाम थंडीत जोरात असतो. ज्येष्ठांना विनंती आहे : समोसा संपवा, हात पुसा, एका पोस्टरपुढे दहा मिनिटं उभे राहा आणि काय फसलं ते विचारा. फ्यूचर स्कोप विचारू नका. तो त्या मुलीच्या घरचे रोज विचारतात.