बापू सध्या कशावर आहेत?

बापूंना ‘कसे आहात?’ विचारायचं नसतं, ‘सध्या कशावर आहात?’ विचारायचं असतं. त्यांच्या वयाची माणसं बीपीच्या गोळ्यांवर असतात, बापू ऑपरेटिंग सिस्टिमवर असतात. ‘मिंटवर आहे,’ ते सांगतात. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणत, ‘पण फेडोरा बघतोय. घराणं चांगलं आहे.’

बँकेतून निवृत्त झालेले बापू आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. विंडोज एक्सपी हे त्यांचं सत्ययुग. ती हिरवी टेकडी, ते निळं आभाळ, आणि सगळं जिथल्या तिथे. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण गेलं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं, पण बापूंचं मन उडालं ते उडालंच. ‘एकदा काढलं ना? मग पुन्हा काढतील.’

लिनक्सशी मात्र त्यांची ओळख त्याही आधीची. त्या काळी पत्ता कळवला की उबंटूची सीडी फुकट घरपोच यायची. २०११ साली ते बंद झालं. त्याआधीच बापूंनी गठ्ठाच मागवला आणि संक्रांतीला तिळगुळाबरोबर घरोघर वाटला. सोसायटीनंही सीड्यांचं चीज केलं. बाल्कनीत दोऱ्यांना टांगल्या, कबुतरं यायची थांबली. लिनक्स अत्यंत सुरक्षित आहे, हे तेव्हापासून आमच्याकडे सर्वमान्य आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर बापूंनी दोन्ही नांदवायचं ठरवलं. सुरू केला की यादी येते, दहा सेकंदांत विंडोज निवडायचं, नाहीतर लिनक्स आपोआप उघडतं. काकू बटण दाबून आधण ठेवायला जातात आणि परत येतात तोवर लिनक्स.

‘अहो, माझा डी कुठाय?’ काकूंचा सगळा संसार डी ड्राइव्हमध्ये: बारशाचे फोटो, भिशीचा हिशेब, अनारशांची कृती.

‘अगं, लिनक्समध्ये सी-डी नसतं. सगळ्या फांद्या एकाच मुळातून फुटतात.’

‘फुटू देत. माझे फोटो कोणत्या फांदीवर आहेत तेवढं सांगा.’

त्यातच घड्याळाची भानगड. कॉम्प्युटरच्या पोटातलं घड्याळ लिनक्स ग्रीनिचच्या वेळेवर लावतं आणि विंडोज तीच वेळ इथली म्हणून वाचतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की भारतात बरोब्बर साडेपाच तास मागे. सकाळी साडेदहाला काढलेल्या मेंटेनन्सच्या पावत्यांवर पहाटे पाचची वेळ पडली. ऑडिटरनं हळूच विचारलं, ‘सेक्रेटरी झोपतात कधी?’ बापूंनी त्याला ग्रीनिचपासून समजावून सांगितलं. ऑडिटरनं पुढचं सगळं न बघता सही केली.

पुढे मुलानं आपला जुना मॅक दिला. बापूंचं मन दोन दिवसांत मॅकवर गेलं, बोटं विंडोजवरच राहिली. विंडोजमध्ये फाईल निवडून एंटर दाबलं की ती उघडते. मॅकमध्ये तिचं नाव बदलायला घेतलं जातं. बापूंनी ‘पाणीपट्टी’ फाईलवर एंटर दाबलं आणि उघडली असेल असं समजून, कीबोर्डवरच नजर ठेवून, जोरात टायपिंग सुरू केलं. आज सोसायटीच्या दप्तरात ‘ब विंगची लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत कुरकुर करू नये’ या नावाची फाईल आहे. आत पाणीपट्टी आहे.

खिडकीवर फुली मारली तरी मॅकचा प्रोग्राम चालूच राहतो, याचाही त्यांना भारी राग. ‘जा म्हटलं की जायला नको?’ शेवटी अंगठ्याला कमांडची सवय लागली, आणि नेमके तेव्हाच ते विंडोजवर परतले. कमांडच्या जागी तिथे ऑल्ट. कॉपी करायला जावं तर भलतंच काहीतरी उघडायचं.

बापूंचा नियम एकच: भक्ती नेहमी सोडलेल्या सिस्टिमची. विंडोजवर असताना ते लिनक्सच्या टर्मिनलच्या आठवणीनं व्याकूळ होतात, लिनक्सवर एक्सेलसाठी उसासे टाकतात आणि मॅकवर राइट क्लिकच्या नावानं. ज्यावर आहेत तिच्याबद्दल चांगला शब्द निघाला, की समजावं, मुक्काम हलला.

सोसायटीला खरी झळ लागली ती नोटिशीच्या वेळी. जुन्या सगळ्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधल्या. असा फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा. तो नव्या सिस्टिमवर नसला की मुखवटा गळतो. टाकी धुण्याची नोटीस फळ्यावर लागली ती डॉलर, टक्का, कंस आणि उद्गारचिन्हं अशा थाटात. अर्ध्या बिल्डिंगला वाटलं, वर्गणी वाढली. पाणी गेल्यावर उलगडा झाला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि बापूंचे दिवस फिरले. सोसायटीच्या ऑफिसातलं म्हातारं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसेना. ना टीपीएम २.०, ना चालणारा प्रोसेसर. नवीन घ्यायला कमिटी राजी नाही. बापूंनी पेनड्राइव्ह खोचला आणि तासाभरात लिनक्स मिंट चढवलं. प्रिंटर चालला. मराठी युनिकोडमध्ये स्वच्छ उमटलं. पावत्यांवर वेळ बरोबर. चेअरमननं पेढे मागवले.

त्यानंतर बापू खंगत गेले. संध्याकाळी कट्ट्यावर गप्प बसायचे. ‘तब्येत बरी नाही का?’ मी विचारलं.

‘मशीन नीट चालतंय,’ ते खिन्नपणे म्हणाले. ‘काहीच होत नाही. कुणी बोलवतसुद्धा नाही.’

त्याच आठवड्यात ऑफिसात रात्री उशिरापर्यंत दिवा दिसला. सकाळी बापू दाढीबिढी करून टवटवीत, हातात चहा. मिंट गेलं होतं, फेडोरा घरात आली होती, प्रिंटर रुसला होता आणि दारात पावतीसाठी रांग लागली होती. बापू एकेकाला बोलावून ‘मिंटमध्ये हे असं नव्हतं हो’ सांगत होते.

कमिटीची तातडीची सभा झाली. ‘ऑफिसच्या कॉम्प्युटरजवळ सेक्रेटरींना एकटं सोडू नये’ असा ठराव एकमतानं मंजूर झाला. बापूंनीही हात वर केला. इतिवृत्त लिहिणं हे सेक्रेटरीचंच काम. ते त्यांनी त्याच दिवशी फेडोरावर सुरेख टाईप केलंय. सह्यांसाठी छापून तेवढं मिळत नाही.